विश्लेषण : थीम पार्कच्या सहलीत स्वयंपाकघर असलेले घर खरेच परवडते का?

शाळांना सुट्टी लागली की मुंबई-पुण्यातील कुटुंबांचा मोर्चा खोपोलीजवळच्या इमॅजिकाकडे वळतो. तिकिटे काढून झाली की पुढचा प्रश्न मुक्कामाचा. हॉटेलात दोन-तीन खोल्या घ्यायच्या, की स्वयंपाकघर असलेला अख्खा बंगला? घरात दीड वर्षाचे बाळ, मधुमेह असलेले आजोबा आणि बाहेरचे न खाणाऱ्या आजी असतील तर दुसरा पर्याय साहजिक वाटतो. मात्र जाहिरातीतील ‘किचन उपलब्ध’ या दोन शब्दांचा अर्थ प्रत्येक बंगल्यात वेगळा असतो. खर्चाचे गणितही दिसते तितके सरळ नाही. शिवाय गॅस, गीझर आणि तरणतलाव यांच्या सुरक्षेचा प्रश्न आहेच. या निवडीतील खाचाखोचा कोणत्या, याचा हा आढावा.

थीम पार्कजवळ स्वयंपाकघराची पद्धत आली कुठून?

ही पद्धत रुळली ती अमेरिकेत. कॅलिफोर्नियातील अॅनाहाइम येथे १९५५ मध्ये डिस्नीलँड सुरू झाले आणि त्याच्याभोवती मोटेलांची दाटी झाली. फ्लोरिडातील ऑरलँडोजवळ १९७१ मध्ये डिस्नी वर्ल्ड उघडले, तेव्हा राहण्याची सोय कंपनीने स्वतःच्याच विस्तीर्ण आवारात केली. त्याच वर्षी तेथे फोर्ट वाइल्डरनेस हा तंबू आणि फिरत्या घरांचा तळ सुरू झाला. तेथे कुटुंबे स्वतःचे जेवण स्वतः शिजवू शकत. १९९१ मध्ये ‘डिस्नी व्हेकेशन क्लब’ने पूर्ण स्वयंपाकघर असलेली निवासस्थाने आणली. शेजारच्या किसिमी भागात तर तरणतलाव आणि स्वयंपाकघर असलेली घरे पर्यटकांना भाड्याने देणे हा मोठा व्यवसाय झाला. पॅरिसजवळच्या डिस्नी उद्यानातही १९९२ पासून स्वयंपाकघर असलेल्या लाकडी कुटिरांची सोय आहे. अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे भारतातून आलेल्या आई-वडिलांना ऑरलँडोला नेतात, तेव्हा अशा घरांना पसंती देतात, ती वरण-भाताच्या सोयीसाठी.

पण तेथील आणि येथील परिस्थितीत एक महत्त्वाचा फरक आहे. डिस्नीच्या अमेरिकेतील उद्यानांत काचेच्या बरण्या, मद्य आणि गरम करावे लागणारे पदार्थ वगळता घरून आणलेला खाऊ आत नेता येतो. त्यामुळे सकाळी स्वयंपाकघरात केलेले सँडविच दुपारी उद्यानात उपयोगी पडते. भारतातील बहुतेक मोठी उद्याने बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत. म्हणजेच दुपारचे जेवण आतच विकत घ्यावे लागते. स्वयंपाकघराचा उपयोग उरतो तो सकाळची न्याहारी आणि रात्रीचे जेवण यापुरता. घर निवडताना पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती हीच.

बाहेरचे पदार्थ आत न नेऊ देणे कायदेशीर आहे का?

या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२३ मधील निकाल सिनेमागृहांबाबतचा आहे. सिनेमागृह ही खासगी मालमत्ता असून बाहेरचे पदार्थ आणू द्यायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार मालकाला आहे, असे न्यायालयाने म्हटले. मात्र प्रेक्षकांना पिण्याचे स्वच्छ पाणी विनामूल्य मिळाले पाहिजे आणि पालकांसोबत आलेल्या तान्ह्या मुलांसाठी लागेल तेवढे अन्न नेण्यास हरकत नसावी, याचीही नोंद न्यायालयाने घेतली. हा निकाल थेट मनोरंजन उद्यानांना लागू होणारा नसला, तरी खासगी जागेतील नियमांकडे न्यायालय कसे पाहते, ते त्यातून कळते. बाळाचे अन्न, वैद्यकीय कारणासाठी लागणारा आहार आणि औषधे यांबाबत त्या-त्या उद्यानाचा नियम तिकीट काढण्यापूर्वीच विचारून घ्यावा. उत्तर ईमेलने मिळाले तर उत्तम. प्रवेशद्वारावर वाद होत नाही. मधुमेही व्यक्तीसोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी.

इमॅजिकाजवळ मुक्कामाचे पर्याय कोणते?

‘अॅडलॅब्ज इमॅजिका’ या नावाने एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालेले हे उद्यान रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर आहे. मुंबईपासून सुमारे ७५ आणि पुण्यापासून सुमारे ९० किलोमीटर. पुढे जलउद्यान आणि कृत्रिम बर्फाचे उद्यान यांची भर पडली. २०२२ मध्ये उद्यानाची मालकी मालपाणी समूहाकडे गेली. मुक्कामाचे पर्याय ढोबळमानाने चार भागांत मोडतात.

पहिला पर्याय उद्यानालगतच्या हॉटेलचा. अंतराचा प्रश्नच नाही, दमलेली मुले दहा मिनिटांत अंथरुणात. पण हॉटेलच्या खोलीत स्वयंपाकघर नसते. फार तर चहाची किटली आणि छोटा फ्रिज. दुसरा पर्याय खोपोली, खालापूर आणि पाली रस्त्यावरील फार्महाऊस व बंगल्यांचा. ही घरे घाटाच्या पायथ्याशी असल्याने उद्यानाला सर्वांत जवळची. तिसरा पर्याय लोणावळा-खंडाळ्याचा. बंगल्यांची संख्या आणि निवड येथे सर्वांत मोठी आहे, हवाही थंड. मात्र लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे आणि इमॅजिका घाटाखाली. म्हणजे सकाळी बोरघाट उतरायचा आणि दिवसभर दमून रात्री तो पुन्हा चढायचा. चौथा पर्याय कर्जत परिसरातील फार्महाऊसचा. नदीकाठ, झाडी, मोठे आवार हे त्याचे आकर्षण. पण शेवटचे दोन-तीन किलोमीटर अनेकदा अरुंद व अंधाऱ्या रस्त्याचे असतात.

सहलीत आणखी काय आहे, यावरही निवड ठरते. अष्टविनायकांपैकी महडचा वरदविनायक खोपोलीजवळ आहे आणि पालीचा बल्लाळेश्वर त्याच खोपोली-पाली रस्त्याच्या टोकाला. इमॅजिका आणि दोन गणपती असा बेत असेल, तर घाटाखालचे घर सोयीचे. लोणावळ्याजवळचे वेटएनजॉय जलउद्यान, कार्ला-भाजे लेणी किंवा लोहगड करायचा असेल, तर घाटावरचे.

‘दहा मिनिटांवर’ म्हणजे नेमके किती दूर?

जाहिरातीतील मिनिटे बहुधा पहाटेच्या रिकाम्या रस्त्याची असतात. द्रुतगती मार्गावर शनिवारी सकाळी आणि रविवारी संध्याकाळी बोरघाटात होणारी कोंडी सर्वांच्या परिचयाची आहे. त्यामुळे घराचे नेमके ठिकाण मागून घ्यावे. नकाशावर उद्यानाच्या प्रवेशद्वारापर्यंतचे अंतर एकदा शनिवारी सकाळी नऊला आणि एकदा रात्री आठला पाहावे. हेच आकडे खरे. काही घरमालक पैसे भरेपर्यंत नेमका पत्ता देत नाहीत. अशा वेळी निदान जवळचे गाव, फाटा किंवा मंदिर तरी विचारावे.

स्वतःचे वाहन नसेल तर हिशेब बदलतो. मध्य रेल्वेची कर्जत-खोपोली शाखा आहे, पण तेथे लोकलच्या फेऱ्या मर्यादित आहेत. खोपोली स्थानकापासून उद्यान काही किलोमीटरवर असल्याने पुढे रिक्षा किंवा टॅक्सी लागतेच. उद्यान बंद झाल्यावर शेकडो कुटुंबे एकाच वेळी बाहेर पडतात. अशा वेळी आडबाजूच्या बंगल्यापर्यंत जायला वाहन मिळणे कठीण होते. परतीच्या वाहनाची सोय घरमालकाकडून आधीच पक्की करून घ्यावी.

‘किचन उपलब्ध’चे किती अर्थ?

किमान चार. काही बंगल्यांत ‘किचन’ म्हणजे फक्त ओटा, बेसिन आणि फ्रिज, शेगडी नाही. काही ठिकाणी शेगडी असते, पण गॅस आणि भांड्यांचे दिवसाला वेगळे पैसे आकारले जातात. तिसरा प्रकार लोणावळा-कर्जत भागात सर्वाधिक आढळतो. स्वयंपाकघर केअरटेकरच्या ताब्यात असते, तो किंवा त्याच्या घरचे जेवण करून देतात आणि माणशी दर लावतात. पाहुण्यांना फार तर दूध गरम करता येते. चौथा प्रकार म्हणजे खऱ्या अर्थाने स्वतःच्या हाती असलेले स्वयंपाकघर. जाहिरातीत चारही प्रकारांना नाव एकच.

म्हणून प्रश्न नेमके विचारावेत. शेगडी गॅसची की इंडक्शनची? सिलिंडर भरलेला असेल का? प्रेशर कुकर किती लिटरचा? कढई, तवा, पोळपाट-लाटणे, मिक्सर, चाकू, ताटे-वाट्या किती जणांपुरत्या? प्यायच्या पाण्यासाठी शुद्धीकरण यंत्र आहे की बाटल्या आणायच्या? फ्रिज पूर्ण आकाराचा आहे का? मांसाहारी स्वयंपाक चालतो का? हा शेवटचा प्रश्न दोन्ही बाजूंनी महत्त्वाचा. काही मालक मांसाहार शिजवू देत नाहीत, तर काटेकोर शाकाहारी कुटुंबांना आदल्या दिवशी त्याच भांड्यांत मटण शिजले असेल हे चालत नाही. अशांनी स्वतःचा छोटा कुकर आणि पातेले सोबत नेणेच बरे.

इंडक्शन शेगडीबाबत दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. एक, तळ लोखंडी किंवा चुंबक चिकटणारा नसलेली भांडी तिच्यावर तापत नाहीत. साधा अॅल्युमिनियमचा कुकर घरून नेला तर तो निरुपयोगी ठरतो. दुसरी, सुमारे २,००० वॉटच्या शेगडीला आठ-नऊ अँपिअर वीज लागते. तिच्यासाठी मोठा, म्हणजे १६ अँपिअरचा प्लग हवा. वीज गेल्यावर बंगल्यातील इन्व्हर्टर दिवे-पंखे चालवतो, शेगडी नाही. पावसाळ्यात वीज जाण्याचे प्रसंग लक्षात घेता गॅसची सोय असलेले घर अधिक भरवशाचे.

खर्चाचे गणित काय सांगते?

पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. प्रत्येक कुटुंबाने त्याजागी आपले आकडे घालून पाहावेत. समजा सहा जणांचे कुटुंब एक रात्र राहणार आहे. हॉटेलात प्रत्येकी ६,००० रुपयांच्या दोन खोल्या, त्यावर पाच टक्के जीएसटी ६०० रुपये, मिळून १२,६००. न्याहारी त्यातच. रात्रीचे जेवण माणशी ४०० रुपयांप्रमाणे २,४०० आणि दूध-चहाचे ३०० रुपये. एकूण १५,३००.

आता बंगला. सर्व करांसह भाडे ११,०००, आरक्षण संकेतस्थळाचे शुल्क १,०००, गॅस-भांड्यांचे ८००, साफसफाईचे ५००, किराणा-दूध-भाजी १,२०० आणि लांबच्या अंतरामुळे जादा इंधन व टोल ८००. एकूण पुन्हा १५,३००. म्हणजे सहा जणांच्या एका रात्रीसाठी स्वयंपाकघराने एक रुपयाही वाचवला नाही. वर स्वयंपाक आणि भांडी घासणे पदरी पडले.

मुक्काम दोन रात्रींचा झाला की चित्र पालटू लागते. हॉटेलचा खर्च दुप्पट, म्हणजे ३०,६०० होतो. बंगल्यात भाडे २२,००० आणि प्रवासाचा जादा खर्च १,६०० होतो, किराणा २,००० वर जातो. पण संकेतस्थळ, गॅस आणि सफाईचे २,३०० रुपये एकदाच द्यावे लागले तर बेरीज २७,९०० येते. बचत २,७०० रुपये. खरा फरक पडतो तो माणसे वाढल्यावर. दोन कुटुंबे मिळून बारा जण एका रात्रीसाठी गेले, तर हॉटेलात चार खोल्या व जेवण धरून ३०,६०० रुपये लागतील. बंगल्याला सहा जादा पाहुण्यांचे प्रत्येकी ८०० रुपये धरले तर भाडे १५,८०० होते. किराण्याचे २,२००, दोन गाड्यांचे १,६०० आणि वरील २,३०० मिळवून बेरीज २१,९००. येथे ८,७०० रुपये वाचतात.

निष्कर्ष सरळ आहे. एक रात्र आणि चार-सहा माणसे असतील तर पैसे वाचतील म्हणून स्वयंपाकघर घेऊ नये. दोन किंवा अधिक रात्री असतील, अथवा दोन-तीन कुटुंबे एकत्र असतील, तर ते परवडते. मात्र बाळ, पथ्य किंवा उपवास यांसाठी स्वयंपाकघर हवे असेल, तर तो खर्च सोयीचा म्हणून धरावा, बचतीचा नव्हे.

जीएसटी आणि इतर आकारणीत काय पाहावे?

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपये किंवा त्याहून कमी भाड्याच्या निवासावर पाच टक्के आणि त्याहून अधिक भाड्यावर १८ टक्के जीएसटी आहे. ही मर्यादा निवासाच्या प्रत्येक एककामागे दिवसाला मोजली जाते. त्यामुळे अख्खा बंगला १२,००० रुपयांना एकच एकक म्हणून दिला आहे, की तीन खोल्या वेगवेगळ्या लावल्या आहेत, यावर कराची रक्कम बदलू शकते. सांगितलेला दर करासह आहे की कराशिवाय, हे लेखी विचारावे.

वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांपेक्षा कमी असलेल्या घरमालकाला जीएसटी नोंदणी बंधनकारक नाही. अशा मालकाने थेट व्यवहारात जीएसटी मागितला, तर नोंदणी क्रमांक असलेले बिल मागावे. तेच घर ऑनलाइन मंचावरून घेतल्यास कर भरण्याची जबाबदारी मंचावर येते, त्यामुळे तेथे कर लागलेला दिसतो. याशिवाय अनामत रक्कम, ठरलेल्या संख्येपेक्षा जादा पाहुण्यांचे पैसे, लहान मुलांची वयोमर्यादा, चालकाची झोपण्याची सोय आणि तंदूर किंवा बार्बेक्यूचे शुल्क या गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात. घरात पाऊल ठेवताच भिंती, गाद्या, काचेच्या वस्तू आणि भांडी यांची मोबाइलवर चित्रफीत काढावी. निघताना अनामत परत मिळवताना ती उपयोगी पडते.

सुरक्षेसाठी काय तपासावे?

थीम पार्कमधील उंच झुल्यांपेक्षा मुक्कामाच्या घरातील धोके अनेकदा अधिक गंभीर असतात, कारण तेथे सुरक्षा कर्मचारी नसतो. लोणावळा परिसरात बंगल्यांच्या तरणतलावात लहान मुले बुडाल्याच्या दुर्दैवी घटना घडल्या आहेत. तलावाला कुलूपबंद कुंपण आहे का, खोली किती, रात्री दिवा असतो का आणि दिवाणखान्याचे दार थेट तलावाकडे उघडते का, हे छायाचित्रातून नव्हे तर व्हिडीओ कॉलवर पाहावे. मोठी माणसे सामान उतरवण्यात आणि स्वयंपाकघर लावण्यात गुंतलेली असतात, तो पहिला अर्धा तास सर्वांत धोक्याचा. घरात शिरताच मुलांकडे लक्ष ठेवण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर नाव घेऊन सोपवावी. ‘सगळे बघतायत’ म्हणजे कोणीच बघत नाही.

दुसरा धोका गॅस गीझरचा. बंद न्हाणीघरात गॅस गीझर चालू राहिला तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूला रंग नाही, वासही नाही. माणूस बेशुद्ध पडेपर्यंत काही कळत नाही. गीझर न्हाणीघराच्या आत असेल आणि हवा बाहेर जाण्याची सोय नसेल, तर तो वापरू नये. बादलीत पाणी भरून घ्यावे, गीझर बंद करावा आणि मग अंघोळ करावी. विजेचा गीझर असलेले घर केव्हाही बरे.

स्वयंपाकाच्या गॅसबाबत नळी तडकलेली नाही ना आणि रेग्युलेटर घट्ट बसतो ना, हे पाहावे. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. वास आला तर दिव्याचे बटण चालू किंवा बंद करू नये, दारे-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करून सर्वांनी बाहेर पडावे आणि १९०६ या मदत क्रमांकावर कळवावे. भाड्याने दिल्या जाणाऱ्या बंगल्यात घरगुती नव्हे, व्यावसायिक सिलिंडर वापरणे अपेक्षित आहे. नियम पाळणारा मालक इतर बाबतींतही काळजी घेत असण्याची शक्यता अधिक.

पावसाळ्यात आणखी एक विचार हवा. इरशाळवाडीवर जुलै २०२३ मध्ये दरड कोसळली, ती याच खालापूर तालुक्यात. तीव्र उताराच्या पायथ्याशी किंवा ओढ्याला खेटून असलेले घर त्या दिवसांत टाळावे. धबधबे व धरणांच्या परिसरात जिल्हा प्रशासन दर पावसाळ्यात मनाई आदेश काढते, तेही पाहावेत. घाटात धुके असताना रात्रीचा प्रवास नको असेल, तर मुक्काम घाटाखालीच करावा.

फसवणूक कशी ओळखावी?

सुट्टीच्या हंगामात दुसऱ्याच्या बंगल्याची छायाचित्रे लावून आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार होतात. बाजारभावाच्या निम्मा दर, ‘आत्ता पैसे भरा नाहीतर दुसरा घेईल’ अशी घाई आणि व्हिडीओ कॉलला टाळाटाळ या तीन खुणा एकत्र दिसल्या की थांबावे. छायाचित्र इंटरनेटवर उलट शोधून ते दुसऱ्या नावाने कोठे आहे का ते पाहावे. खात्यावरील नाव आणि मालकाचे नाव जुळते का, हे तपासावे. राज्याच्या पर्यटन विभागाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेत नोंदणी असल्यास क्रमांक विचारावा. पूर्ण रक्कम आधी देऊ नये.

फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक. घर प्रत्यक्षात असूनही कबूल केलेले स्वयंपाकघरच नसेल, तर ती सेवेतील त्रुटी ठरते. त्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार राहत्या ठिकाणीही करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही. म्हणूनच ‘किचन आहे’ हे फोनवर ऐकून न थांबता संदेशाद्वारे लिहून घ्यावे. परदेशी पारपत्र असलेले नातेवाईक सोबत असतील, तर त्यांची माहिती २४ तासांत कळवण्याचे बंधन घरमालकावर आहे. तशी नोंदणी आहे का, हे आधी विचारावे; रात्री दारात वाद नको.

सुट्टी नेमकी कोणाची?

स्वयंपाकघर घेतले की ते कोण चालवणार, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आठ-दहा तास उन्हात रांगा लावून परतल्यावर बारा जणांच्या पोळ्या लाटायच्या, सकाळी सर्वांआधी उठून पोहे करायचे आणि निघण्यापूर्वी भांडी घासायची, हे काम बहुतेक घरांत आई, मावशी किंवा काकूच्या वाट्याला येते. तिकिटाचे पैसे तिचेही भरलेले असतात. वरच्या गणितातील बचत तिच्या श्रमातून येत असेल, तर ती खरी बचत नव्हे.

यावर उपाय म्हणजे मर्यादित स्वयंपाक. रात्री मुगाची खिचडी, पापड, ताक; सकाळी उपमा किंवा दूध-पोहे. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लोणचे, दशम्या, थालीपिठाची भाजणी आणि कोरडे मिश्रण घरूनच न्यावे. डाळ-तांदूळ एकत्र मोजून, हळद-हिंग-जिरे घालून पिशवी भरली की तेथे फक्त कुकर लावायचा उरतो. त्यासोबत लायटर, सुरी, भांडी घासायचा साबण व घासणी, छोटी तेलाची बाटली, मीठ, फडकी आणि कचऱ्याच्या पिशव्या हव्यात. जवळचे दुकान रात्री उघडे असेल याची खात्री नसते. भांड्यांसाठी स्थानिक मदतनीस मिळत असेल तर ते पैसे खर्चात आधीच धरावेत. कामाची वाटणीही निघण्यापूर्वीच करावी. एक जेवण केअरटेकरकडून घ्यायलाही हरकत नाही. घाट परिसरात माकडांचा उपद्रव असतो, त्यामुळे स्वयंपाकघराच्या खिडक्या बंद ठेवाव्यात. न उघडलेले इन्सुलिन दोन ते आठ अंश तापमानात ठेवायचे असते. ते फ्रिजमध्ये ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात नाही.

मग निर्णय कसा घ्यावा?

आधी वेळापत्रक कागदावर मांडावे. बहुतेक बंगल्यांत प्रवेश दुपारी एक-दोनला आणि घर सोडण्याची वेळ सकाळी दहा-अकराला असते. सकाळी थेट उद्यानात जाऊन रात्री घरी पोहोचणार आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार असाल, तर स्वयंपाकघराच्या वाट्याला जेमतेम दोन तास येतात. अशा वेळी उद्यानालगतची किंवा खोपोलीतील साधी, स्वच्छ खोली आणि दूध गरम करण्याची सोय पुरेशी आहे. आदल्या दुपारी पोहोचून रात्री घरचे जेवण, दुसरा दिवस उद्यानात, तिसऱ्या दिवशी सकाळी आरामात निघणे असा दोन रात्रींचा बेत असेल, तर स्वयंपाकघर असलेले घर उपयोगी पडते.

त्यानंतर क्रम असा असावा : आधी अंतर, मग सुरक्षा, मग स्वयंपाकघराचा नेमका प्रकार आणि शेवटी दर. बहुतेक कुटुंबे हा क्रम उलटा लावतात. आधी स्वस्त दर आणि निळ्याशार तलावाचे छायाचित्र पाहतात. अंतर कळते ते घाटात अडकल्यावर आणि शेगडी नसल्याचे कळते ते बाळ भुकेने रडू लागल्यावर. घरमालकाला पाठवायचा एकच संदेश यातले बरेचसे टाळू शकतो : उद्यानापासूनचे अंतर, शेगडीचा प्रकार, भांड्यांची यादी, तलावाचे कुंपण, गीझरचा प्रकार आणि करासह एकूण रक्कम. सहा प्रश्नांची सहा सरळ उत्तरे देणारा मालक मिळाला, तर भाडे थोडे जास्त असले तरी तेच घर घ्यावे.